मास्तर म्हणाले, पान पिवळं आहे

बारकी चाळिशीला टेकली तरी बारकीच राहिली, कारण हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं होतं आणि बाबांनी एकदा ठरवलेलं बदलायची कोणाची छाती नव्हती. बाबांना सगळे मास्तर म्हणत. शाळेचे मास्तर नव्हेत. कापड रंगवायच्या कारखान्यात छत्तीस वर्षं रंग जुळवणारे मास्तर. गिऱ्हाइकाने चिंधी आणून टाकायची, मास्तरांनी ती खिडकीपाशी धरायची, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, ‘निळा अर्धा चमचा कमी, लाल चिमूटभर जास्त.’ पुढे रंग मोजायचं यंत्र आलं. यंत्राचं आणि मास्तरांचं पटलं नाही की मालक यंत्र दुरुस्तीला पाठवायचा. थट्टा नाही, दोनदा खरोखर पाठवलं होतं, आणि दोन्ही वेळा बिघाड यंत्रातच निघाला.

अशा माणसाच्या घरात वाढलेल्या मुलीचे डोळे असून नसल्यासारखे होतात. लहानपणी ती कौतुकाने ‘माझा हिरवा फ्रॉक’ म्हणायची आणि मास्तर म्हणायचे, ‘हिरवा कुठला, त्यात निळा आहे.’ असं पन्नास वेळा झाल्यावर पोरीने कानाला खडा लावला. रंगाचं नाव घ्यायची वेळ आली की ती आधी बाबांच्या तोंडाकडे बघायची. मोठेपणी शाळेच्या कचेरीत नोकरीला लागली, हाताखाली दोन माणसं आली, पण ही सवय काही सुटली नाही.

आई गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. हृदय थकलंय असं डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी घ्यायला एक छोटी पांढरी गोळी दिली आणि जाता जाता म्हणाले, ‘यांना कशात तरी गुंतवा.’ बारकीने रेडिओ आणला, पत्ते आणले, जुन्या कारखान्यातली माणसं गप्पांना बोलावली. मास्तरांनी सगळ्यांना हूं हूं करून वाटेला लावलं. शेवटी तिने एक बोन्साय आणलं. उथळ कुंडीत वीतभर उंचीचा फायकस, वडाच्याच कुळातला, बुंधा मनगटाएवढा जाड आणि पानं नखाएवढी.

मास्तरांनी नाक मुरडलं. ‘एवढ्याशा झाडाला झाड म्हणायचं का?’

पण दुसऱ्या दिवशी बारकी कामावरून आली तेव्हा खुर्ची रिकामी होती आणि मास्तर खिडकीशी उभे राहून पानांवरची धूळ ओल्या बोटाने पुसत होते. तिला रडूच आलं. त्या दिवसापासून तिने मनाशी धरलं की हे झाड आहे तोवर बाबा आहेत. वेडेपणाच तो, पण धरून ठेवायला दुसरं काही नव्हतं.

दोन महिने सुखात गेले. दर रविवारी सकाळी झाडाचा फोटो काढायचा, हा मास्तरांचा दंडक. कारखान्यात रंगाच्या प्रत्येक खेपेचा तुकडा ते वहीत चिकटवून ठेवत, तसंच हे. बारकी फोनवर फोटो काढायची आणि मास्तर त्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. फोनच्या पडद्यावरच्या रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मग मास्तरांना ताप आला. आठवडाभर अंथरुणात काढला. ताप उतरला त्या रविवारी ते भिंत धरत झाडापाशी गेले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘बारके, पानं पिवळी पडायला लागली.’

बारकीने पाहिलं. पानं हिरवी होती.

‘कुठे, बाबा?’

‘कुठे म्हणजे? सगळीकडे. अजून फिकं आहे, तुला कळायचं नाही.’

तिने पुन्हा पाहिलं, आणि खोटं कशाला सांगायचं, या वेळी तिलाही किंचित पिवळं दिसलं.

तिथून पुढे पाच आठवडे त्या बिचाऱ्या झाडाचे जे हाल झाले ते विचारू नका. पाणी कमी पडत असेल म्हणून एकाऐवजी दोन वेळा पाणी. पानं पिवळीच. मग कुंडीखाली ताटली ठेवून ती पाण्याने भरलेली. पिवळीच. मग खत, एकाच्या जागी दोन चमचे. मग ऊन लागतंय म्हणून खिडकीतून कोपऱ्यात. खालच्या मजल्यावरचा शिंपी एकदा सदरा द्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘झाड झकास आहे की.’ तो गेल्यावर मास्तर म्हणाले, ‘याला चष्म्याचा नंबर वाढवायला सांग.’ बारकी हसली. बाबा थट्टा करताहेत म्हणजे बरे आहेत, असं तिला वाटलं.

बरे नव्हते. त्यांना जेवण जाईना. दूध तोंडाला लावलं की ‘नासलंय’ म्हणून परत. धुतलेला सदरा हातात घेऊन एकदा म्हणाले, ‘हा कुठल्या पाण्यात बुडवलास? पिवळा झालाय.’ बारकीने साबण बदलला. भिंतीला डाग पडलेत म्हणाले, तर सुट्टीच्या दिवशी स्टूल घेऊन तिने भिंत पुसली, आणि पुसताना आपण नेमकं काय पुसतोय हे तिला एकदाही दिसलं नाही. तरी तिने चकार शब्द काढला नाही. उलट चांगले खांदे दुखेपर्यंत घासली.

भूक मेली म्हणून डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. फिकट पिवळ्या, दिवसातून तीन वेळा, पंधरा दिवसांपुरत्या. हृदयाच्या पांढऱ्या गोळ्या मात्र चार महिन्यांच्या एकदम आणलेल्या होत्या. मास्तरांनी दोन्ही गोळ्या पाकिटातून सोलल्या आणि रुंद तोंडाच्या एकाच काचेच्या बरणीत ओतल्या. सोललेली पाकिटं केराच्या टोपलीत.

‘बाबा, वेगळ्या ठेवू या का?’ बारकीने विचारलं होतं.

‘कशाला? पांढरी सकाळी एक, पिवळ्या तीन. डोळे आहेत की मला.’

झालं. विषय संपला.

पाचव्या आठवड्यात झाड खरोखरच पिवळं पडलं. आता ते आंधळ्यालाही दिसलं असतं. सकाळी उठून बघावं तर कुंडीभोवती दहा-वीस पानं गळून पडलेली, मऊ, ओलसर, हात लावला की देठापासून सुटणारी. मास्तरांना उठवत नव्हतं. दिवसादेखील झोपायचे, पाय सुजले होते, बोलताना मधेच थांबायचे. बारकीने पलंग खिडकीजवळ ओढला तेव्हा ते झाडाकडे बघत राहिले.

‘मी पाच आठवड्यांपूर्वीच सांगितलं होतं,’ ते म्हणाले. त्यात बढाई नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, ‘हे गेलं की माझंही आवरलं समज.’

बारकी उठली. तिने कचेरीत फोन करून रजा घेतली, कुंडी टोपलीत घातली, वर ओढणी गुंडाळली आणि ज्या बाईंकडून झाड आणलं होतं त्यांच्या रोपवाटिकेत भर दुपारी जाऊन थडकली.

रोपवाल्या बाई साठीच्या, आडव्या बांध्याच्या, तोंडाने फटकळ. त्यांनी ओढणी काढली, झाड पाहिलं आणि आधी कुंडीच उचलून हातात तोलली.

‘ताई, ही कुंडी आहे की विहीर?’

‘म्हणजे?’

‘वजन बघा की. काल पाणी घातलंत?’

‘आज सकाळी. रोज दोन वेळा घालते. ताटलीतही ठेवते.’

बाईंनी कपाळाला हात लावला. मग एक कोरडी लाकडी काडी घेऊन मातीत तळापर्यंत खुपसली, थोडा वेळ ठेवली आणि बाहेर काढून बारकीच्या नाकाखाली धरली. काडी टोकापासून वरपर्यंत काळीओली होती आणि तिला आंबूस वास येत होता.

‘पाणी कमी पडलं तर पान कुरकुरीत होतं, कडेने करपतं. हे बघा, तुमचं पान बोटात चेपतंय. आतली, जुनी पानं आधी गेली ना? हे बुडालेल्या झाडाचं लक्षण आहे. मुळांना श्वास घ्यायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही.’ त्यांनी काळजीपूर्वक झाड कुंडीतून सुटं केलं. खालची मुळं तपकिरी, गिळगिळीत झाली होती. दोन बोटांत धरून ओढल्यावर साल हातात आली. ‘वरची थोडी मुळं पांढरी आहेत. तेवढ्यावर जगलं तर जगेल. पण मला एक सांगा, मुळात एवढं पाणी घालायची बुद्धी कुणी दिली?’

‘पानं पिवळी पडली होती म्हणून.’

‘पाण्याच्या आधी?’

‘हो. पाच आठवड्यांपूर्वीच.’

‘तसं होत नाही,’ बाई म्हणाल्या. ‘फोटो आहे?’

होते की. रविवारचे सगळे होते. बारकीने फोन पुढे केला. बाईंनी चष्मा लावला आणि बोटाने एकेक फोटो सरकवत गेल्या. तापानंतरच्या पहिल्या रविवारच्या फोटोवर त्या थांबल्या.

‘हे पिवळं आहे?’

बारकीने फोन जवळ ओढून पाहिला.

‘ताई, हे झाड ठणठणीत आहे. असं हिरवं पान मी विकायला मांडते तेव्हा लोक खोटं समजून नखाने खरवडून बघतात. पुढचाही हिरवा. त्याच्या पुढचाही. इथे, चौथ्या रविवारी, पाण्याने पहिलं पान गेलंय. चांगल्या झाडाला औषध करकरून आजारी पाडलंत. पिवळं कोण म्हणालं?’

‘बाबा.’

‘त्यांना दिसतं का नीट?’

या प्रश्नावर कोणी हसलं असतं. कारखान्यातले सगळे तर पोट धरून हसले असते. बारकीसमोर मात्र साबण, दूध, सदरा आणि ती स्टुलावर चढून पुसलेली भिंत, सगळं एकदम येऊन उभं राहिलं. आपल्याला एकदाही डाग दिसला नव्हता. आपण तरीही पुसत होतो.

‘झाड राहू दे माझ्याकडे,’ बाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘तुम्ही घरी जा.’

घरी मास्तर जागे होते. बारकीने चप्पलही काढली नाही. टेबलावरचा कोरा कागद घेतला, साखरेची वाटी घेतली, कपाटातला नवा रुमाल घेतला आणि तिन्ही वस्तू त्यांच्या पांघरुणावर मांडल्या. हा माणूस एके काळी डोळे मिटता-उघडता चाळीस प्रकारचे पांढरे रंग वेगळे करायचा.

‘बाबा, यांतला जास्त पांढरा कोणता?’

मास्तरांनी तिन्हींकडे पाहिलं. ‘पांढरा कुठे आहे यांत? तिन्ही एकाच रंगात बुडवलेत. पिवळ्या.’ मग किंचित वैतागून म्हणाले, ‘झाडाचं काय म्हणाल्या त्या बाई?’

‘जगेल म्हणाल्या,’ बारकी म्हणाली, आणि तिची नजर उशाशी ठेवलेल्या बरणीकडे गेली. तिने ती उचलली. ‘बाबा, पांढऱ्या गोळ्या कुठे आहेत?’

‘संपल्या. बारा दिवस झाले. तू झाडाच्या काळजीत होतीस, म्हणून बोललो नाही.’

‘मग तुम्ही घेता काय?’

‘पिवळ्या. तीन वेळा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. त्यात कधी चुकलोय का मी?’

बरणी अर्धी भरलेली होती. बारकीने ती खिडकीपाशी, उजेडात धरली, अगदी मास्तर चिंधी धरायचे तशी. आतली प्रत्येक गोळी पांढरी होती. पिवळी एकही नव्हती. पिवळ्या पंधरा दिवसांच्याच होत्या, केव्हाच संपल्या होत्या. शेजारी ताडून बघायला खरी पिवळी उरली नाही, तेव्हा पांढऱ्याच त्यांना पिवळ्या वाटल्या होत्या.

तिने स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं आणि औषधाच्या दुकानात फोन लावला. दुकानदाराने तिला आडवेतिडवे प्रश्न विचारले नाहीत. पांढरं पिवळं दिसतंय का, जेवण जात नाही का, मधे ताप आला होता का, एवढंच विचारलं. मग म्हणाला, ‘ती गोळी अंगात साठत जाते. तापात लघवी कमी होऊन ती आधीच साठायला लागली असणार, डोळ्यांवर तेव्हाच परिणाम झालाय. आणि आता रोज तीन म्हणता. कमी ताकदीची आहे म्हणून अजून बसलेत ते. तुम्ही बोलत काय बसलात, न्या त्यांना. आणि तिथे पहिल्यांदा हेच सांगा.’

बारकीने बरणी पर्समध्ये टाकली आणि बाहेर आली. बाबांना हे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने. पण बाहेर आलं ते इतकंच, ‘चला, पायाची सूज दाखवून येऊ.’ चाळीस वर्षांची सवय दोन मिनिटांत जात नाही, आणि त्या सवयीची मला तरी चीड येते.

इस्पितळात गर्दी होती. मास्तरांना पलंगावर घेतलं, छातीला तारा लावल्या, आणि बारकीला कागद भरायला खिडकीवर पिटाळलं. नाव, वय, पत्ता. तिने खिडकीतल्या माणसाला गोळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, ते डॉक्टरांना सांगा. ती धावत परतली तेव्हा एक तरुण डॉक्टरीण मास्तरांच्या पायांशी उभी राहून लिहीत होती. पडद्यावर नाडीचा आकडा होता: एकोणचाळीस.

‘फार छान सांगतात हो तुमचे वडील,’ डॉक्टरीण म्हणाली. ‘सगळं तारखेवार. मला वाटलं होतं हृदयाची गोळी जास्त झाली असेल, पण ती तर बारा दिवस बंदच आहे. म्हणजे गोळीचा संबंध नाही. हृदयच थकलंय. आज इथे ठेवू, सकाळी मोठे डॉक्टर बघतील.’

‘बंद नाहीये,’ बारकी म्हणाली.

‘बारके,’ मास्तर म्हणाले, ‘डॉक्टर बोलताहेत ना.’

‘ते चुकताहेत, डॉक्टर. बाबा चुकताहेत.’

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि तेही परक्या माणसासमोर. मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला तोंड लपवावंसं वाटलं. डॉक्टरीण अवघडली. ‘पण ते अगदी स्पष्ट सांगताहेत. पिवळ्या तीन, पांढरी संपली. शुद्धीवर आहेत, गोंधळ नाही.’

बारकीने पर्समधून बरणी काढली आणि पलंगाच्या चादरीवर उपडी केली. गोळ्या मास्तरांच्या गुडघ्यांमध्ये घरंगळल्या.

‘कोणत्या रंगाच्या आहेत, तुम्हीच सांगा.’

डॉक्टरीण वाकली. ‘पांढऱ्या,’ ती म्हणाली. तिने दोन गोळ्या उचलून त्यांच्यावर कोरलेली अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा बदलला. ‘या तीन घेतल्या? रोज? किती दिवस?’

मास्तर चादरीकडे बघत होते. मग त्यांनी डॉक्टरणीकडे पाहिलं, मग पुन्हा चादरीकडे. एक गोळी चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेली, लांब केली, दिव्याकडे तोंड करून धरली.

‘सगळ्या पांढऱ्या?’ त्यांनी विचारलं.

‘सगळ्या, बाबा.’

‘आणि झाड? ताप उतरला तेव्हा?’

‘हिरवं होतं.’

‘तुला दिसत होतं?’

‘हो.’

‘मग बोलली का नाहीस?’

जे खरं होतं तेच ती म्हणाली. ‘तुम्ही पिवळं म्हणालात.’

मास्तरांनी चिमटीतली गोळी चादरीवर ठेवली आणि डॉक्टरणीला म्हणाले, ‘मुलगी सांगते तसं लिहा.’ आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर धावपळ उडाली. रक्त काढून नेलं. उतारा म्हणून एक इंजेक्शन लागणार होतं, ते इथे नव्हतं, दुसऱ्या इस्पितळातून यायला दोन तास लागणार होते. दोन तास निघायला हवेत, असं डॉक्टरीण म्हणाली आणि फोनवर ओरडत बाहेर गेली. परिचारिकेने मास्तरांना डोळे उघडायला सांगितलं, बाहुल्या बघायच्या होत्या. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. बारकीने विनवलं, तरी नाही. तिने त्यांचा हात हातात घेतला. हात थंड होता, पण पकड होती.

‘त्या पडद्यावर आकडा आहे ना,’ मिटल्या डोळ्यांनी मास्तर म्हणाले. ‘किती आहे?’

बारकीने वर पाहिलं. ती आली तेव्हा एकोणचाळीस होता. आता चौतीस होता, आणि ती बघत असतानाच तेहतीस झाला. बाबांच्या तोंडाकडे बघून उत्तर शोधायची सोय उरली नव्हती.

‘तेहतीस,’ ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. ‘बघत राहा,’ ते म्हणाले, ‘आणि सांगत राहा.’